तोंड दाखवू नका, असं मी म्हणून गेले

आदरणीय मावशी,

मी गडहिंग्लज भागातली. लग्नाला चौदा वर्षं झाली. मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत. माझे मिस्टर साखर कारखान्याच्या शेती विभागात बारा वर्षं होते. जानेवारीत, हंगाम ऐन भरात असताना, गट ऑफिसात साहेब चार शेतकऱ्यांदेखत ह्यांना म्हणाले, 'ऊसतोड देण्यासाठी पैसे खातोस.' ह्यांनी पैसे खाल्लेले नाहीत, हे मी पोरांची शपथ घेऊन सांगते. ह्यांनी तिथंच कागद मागितला, चार ओळींचा राजीनामा लिहिला, टेबलावर आपटला आणि घरी आले.

स्वभाव पहिल्यापासून असाच. माणूस सोन्यासारखा आहे. रात्री दोनला कुणाची ट्रॉली उलटली तरी पहिले धावणारे हेच. दारूला शिवत नाहीत. पण एकदा डोक्यात गेलं की पुढचं-मागचं बघत नाहीत. थोरल्या दिरांशी बांधावरून बोलाचाली झाली, त्याच संध्याकाळी चूल वेगळी केली. गेल्या वर्षी असंच भांडण झालं, तर मुलीला पुढं बसवून मोटरसायकल अशी हाणली की पोर आठ दिवस झोपेत दचकायची. आता म्हणतात, एकरभर जमीन विकतो, ट्रॅक्टर-ट्रॉली घेतो आणि त्याच साहेबाच्या काट्यावर उसाची वाहतूक करून दाखवतो. गिऱ्हाईक ठरलंय. पाडवा झाला की साठेखत.

मी अडवलं तर म्हणतात, 'प्रतापराव गुजर विचार करत बसले असते तर आज त्यांचं नाव राहिलं असतं का?' दर महाशिवरात्रीला नेसरीच्या खिंडीत जातात. यंदाही गेले होते.

मावशी, ह्याला स्वाभिमान म्हणायचं की आततायीपणा? आणि अजून एक सांगायचं आहे. त्या दिवशी रागाच्या भरात मीच म्हणून गेले, 'चार पैसे आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नका.' तेव्हापासून हे घरी जेवत नाहीत, रानातल्या खोपीत झोपतात. माझं चुकलं का?

तुमची एक वाचक


प्रिय लेकी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटाकडच्या त्या एका वाक्यापाशी अडले. तोंड दाखवू नका. तुझा नवरा ज्यांचं नाव घेतो, त्या प्रतापरावांनाही शिवाजी महाराजांकडून हेच शब्द लिहून गेले होते. तुला ते ठाऊक असेल किंवा नसेल. तुझ्या नवऱ्याला नक्की ठाऊक असणार, कारण तो दरवर्षी खिंडीत जातो. म्हणून ते वाक्य त्याला तुझ्या कल्पनेपेक्षा फार खोल लागलं असेल.

त्याचा प्रश्न मला टाळायचा नाही. प्रतापरावांनी विचार केला असता तर नाव राहिलं असतं का? उत्तर द्यायचं तर ती हकिगत पहिल्यापासून बघावी लागते. आपल्याला तिचा शेवटचा तासच तेवढा पाठ असतो.

कुडतोजी गुजर हे साताऱ्याकडच्या भोसरे गावचे. प्रतापराव हा मानाचा किताब. १६७२ साली साल्हेरच्या लढाईत मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेचा मोकळ्या मैदानात पराभव केला. डोंगराचा आडोसा घेऊन लढणारे मराठे समोरासमोरही जिंकू शकतात, हे त्या दिवशी साऱ्यांना कळलं. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाच्या हातून अशी लढाई होत नाही. प्रतापराव हे महाराजांचे तोलामोलाचे, विचारी सरनोबत, म्हणजे सरसेनापती होते, हे आधी मनात पक्कं कर.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मराठ्यांनी पन्हाळा घेतला आणि तो परत मिळवायला विजापूरहून आदिलशाही सरदार बहलोलखान निघाला. एप्रिलच्या उन्हात, आजच्या जत तालुक्यातल्या उमराणीजवळ प्रतापरावांनी त्याला गाठलं आणि त्याच्या फौजेचं पाणी तोडलं. खान टेकीला आला. त्यानं गयावया केली आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं.

इथं मी तुला थोडं थांबायला सांगणार आहे. उतावीळपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं राग येतो. पण दयाही तितकीच उतावीळ असू शकते. तहानेनं व्याकुळ झालेली माणसं समोर दिसली, मन द्रवलं आणि हातातला शत्रू सोडला गेला. तुझा नवरा रात्री दोनला उलटलेल्या ट्रॉलीकडं धावतो आणि भर ऑफिसात राजीनामा आपटतो, ही दोन्ही कामं एकाच काळजातून येतात. तू त्याच्यातलं एक ठेव आणि दुसरं काढून टाक असं म्हणशील, तर ते जमणार नाही. म्हणूनच 'तुमचा स्वभावच वाईट' हे वाक्य कधी तोंडातून काढू नकोस. ते खरं नाही, आणि खरं नाही हे त्यालाही कळतं.

महाराजांना ती सुटका पटली नाही. सलोखा कशासाठी केलात, असा जाब त्यांनी विचारला. खान तर पुन्हा मुलखात येऊन धुमाकूळ घालू लागला. मग ते पत्र गेलं. सभासदाच्या बखरीत त्याचा आशय आहे: त्याला बुडवून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका.

आता त्या सरनोबताच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून बघ. साल्हेर जिंकलेला माणूस. मनात एकच सल, की माझ्या हातून चूक झाली, आणि ज्यांच्यासाठी जीव द्यायचा त्यांच्यासमोर मला उभं राहता येत नाही. रात्री डोळा लागत नसेल. छावणीत कुणी हसलं तरी आपल्यालाच हसलं असं वाटत असेल. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्रीचा दिवस. नेसरीजवळ खान दृष्टीच्या टप्प्यात आला आणि प्रतापराव निघाले. मुंबईच्या इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी यानं त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात दोन डोंगरांमधली अरुंद वाट आणि सोबतचे सहा स्वार येतात. बाकीचं लष्कर पाठीशी नव्हतं. सातही जण पडले.

त्या सात जणांविषयी बोलताना माझा गळा आजही भरून येतो. पण श्रद्धा ठेवूनही मला वाटतं ते मी बोलणार आहे. ती झेप शिपायाची होती. सरनोबताचं काम होतं लष्कर जमवणं, थांबणं आणि खानाला दुसऱ्यांदा उमराणी दाखवणं. त्यांना ते येत होतं, एकदा त्यांनी ते करूनही दाखवलं होतं. त्या दिवशी मात्र खानाला बुडवण्यापेक्षा मनातली लाज एकदाची संपवण्याची घाई झाली, असं मला वाटतं. आणि खानाचं काय झालं? तो त्यानंतर तीन वर्षांहून जास्त जगला. पुढच्याच वर्षी विजापूरचा सारा कारभार त्याच्या हातात आला. ज्या कामासाठी सात जीव गेले, ते काम त्या दिवशी झालं नाही.

ग्रीक लोक शोकांतिकेतल्या नायकाच्या अशा चुकीला हॅमार्शिया म्हणत. त्या शब्दाचा मुळातला अर्थ आहे नेम चुकणं. बाण चांगला, हात चांगला, ताकदही आहे, पण नेम चुकला. मला ही कल्पना फार आवडते, कारण तीत माणसाला दुष्ट ठरवावं लागत नाही. तुझ्या नवऱ्याचा नेम कुठं चुकला, ते आता बघू.

त्याच्यावर आरोप काय होता? पैसे खाल्ल्याचा. त्यानं उत्तर काय दिलं? राजीनामा. म्हणजे आरोप जिथला तिथंच राहिला! बारा वर्षं ज्या नावावर एक डाग नव्हता, ते नाव सोडवण्याऐवजी तो खुर्ची सोडून आला. साहेब आता सुखानं म्हणत असतील, बघा, खरं होतं म्हणूनच पळाला. ट्रॅक्टर घेऊन काट्यावर उभं राहिल्यानं हा डाग निघणार नाही. उलट लोक विचारतील, ट्रॅक्टरला पैसा कुठनं आला?

त्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. प्रतापरावांचं नाव नेसरीच्या एका तासानं घडलेलं नाही. साल्हेरसारख्या मोहिमांनी आणि कितीतरी वर्षांच्या चाकरीनं ते आधीच घडलं होतं, म्हणून तर तो तास आपल्याला इतका लागतो. ते जगते, तर १०२ दिवसांनी, ६ जून १६७४ रोजी, राज्याभिषेकाच्या सोहळ्यात सरनोबत म्हणून उभे राहिले असते. तो मान हंबीरराव मोहित्यांना मिळाला. तुझ्या नवऱ्याला हे विचार, पण वाद घालायला म्हणून विचारू नकोस. खिंडीत डोकं टेकवणाऱ्या माणसाला साल्हेरचीही आठवण असायला हवी, एवढंच सांग.

आता तुझ्याकडं येते. माझं चुकलं का, असं तू विचारलंस. हो, ते वाक्य चुकलं. पण तेवढंच. राजीनामा तू दिला नाहीस, चूल तू वेगळी केली नाहीस, आणि दोन लेकरांची फी, किराणा, विजेचं बिल डोळ्यांपुढं नाचत असताना तोंडातून शब्द निसटला तर त्यानं तू वाईट बायको ठरत नाहीस. प्रतापराव पडल्याची खबर आली तेव्हा महाराज फार कष्टी झाले, आज एक बाजू पडली, असं म्हणाले, आणि आपणच तसं लिहून पाठवलं होतं याची आठवण त्यांनी काढली, असं बखर सांगते. सहा वर्षांनी प्रतापरावांची लेक जानकीबाई राजाराममहाराजांची राणी होऊन भोसल्यांच्या घरात आली. लेकीला घरात आणता आलं, पण गेलेलं पत्र परत घेता आलं नाही.

तुला घेता येतं. तुझा माणूस रानातल्या खोपीत आहे, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आजच संध्याकाळी भाकरी बांधून घे, पोरांना शेजारी ठेव आणि एकटीच जा. जमीन, राजीनामा, ट्रॅक्टर यातला एकही शब्द आज काढू नकोस. 'मी तसं बोलायला नको होतं, ते मी परत घेते, घरी चला,' इतकंच बोल. तो लगेच उठेलच असं नाही. नाही उठला तर डबा ठेवून ये आणि उद्या पुन्हा जा. अशा माणसाला परत यायला वाट लागते, आणि सगळ्यांदेखत यावं लागलं तर तो येत नाही.

हे मी इतक्या आग्रहानं सांगते, कारण 'एकच प्याला'तला सुधाकर माझ्या डोक्यातून जात नाही. गडकऱ्यांचं ते नाटक १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांत, पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. लोक म्हणतात ते दारूचं नाटक. मला ते अपमान न सोसणाऱ्या माणसाचं नाटक वाटतं. हुशार वकील, स्वतःच्या बळावर वर आलेला. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि सहा महिन्यांसाठी सनद जाते. सहाच महिने! थांबला असता तर सातव्या महिन्यात पुन्हा कोर्टात उभा राहिला असता. पण ते सहा महिने रिकाम्या हातांनी, पडलेल्या तोंडानं काढायचे होते, आणि त्या रिकाम्या वेळात तळीराम पेला घेऊन आला. पुढं एकदा तो दारू सोडतोही. काम मागत दारोदार फिरतो. जो तो त्याला जुन्या दिवसांवरून टोचतो, आणि तो परत पेल्याकडं जातो. तुझा नवरा दारूला शिवत नाही म्हणतेस. सुधाकरही त्या सहा महिन्यांच्या आधी शिवत नव्हता. खोपीत रात्री कोण येऊन बसतं, याची चौकशी कर.

आणि त्याच नाटकातली दुसरी गोष्ट तुझ्यासाठी. सुधाकरची बायको सिंधू सगळं सोसते. दळण दळते, माहेरचा आधार नाकारते, आणि नवऱ्याच्या हातून जीव जायची वेळ आली तरी त्याला वाचवायला खोटं बोलते. आपल्या आज्यांनी तिच्यासाठी पदर डोळ्यांना लावले. मी तुला सांगते, सिंधू व्हायचं नाही. मी शब्द परत घ्यायला सांगितला, मान खाली घालायला नाही. मुलीला पुढं बसवून गाडी हाणली, हे मला तुझ्या सगळ्या पत्रात सर्वांत भयंकर वाटलं. राजीनाम्याहून, जमिनीहून भयंकर. तो शांत असताना, घरी परतल्यावर चार दिवसांनी, स्वच्छ शब्दांत सांग: राग आला तर गाडीची किल्ली माझ्याकडं, आणि पोरं त्या वेळी तुमच्यासोबत कुठंही जाणार नाहीत. ह्यावर तडजोड नाही. तुझ्यावर किंवा पोरांवर हात उगारला गेला, तर १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. लाज न धरता फोन लाव.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र हातात आलंय का, ते तू लिहिलं नाहीस. साधारणपणे राजीनामा मंजूर होण्याआधी मागं घेता येतो. पण दोन महिने होत आले, आणि प्रत्येक कारखान्याचे सेवानियम आपापले असतात, तेव्हा युनियनच्या माणसाला उद्याच भेटा. नोकरी परत मिळो न मिळो, आरोपाची चौकशी करा असा लेखी अर्ज कार्यकारी संचालकांकडं द्या आणि त्याची पोच घ्या. ते चार शेतकरी तिथं हजर होते. त्यांतल्या दोघांनी जरी 'ह्यानं आमच्याकडून कधी पैसा घेतला नाही' असं लिहून दिलं, तर तुझ्या नवऱ्याला जे हवंय ते ट्रॅक्टरशिवाय मिळेल. पाच वर्षांच्या वर सलग नोकरी झाली असली की स्वतःहून सोडली तरी ग्रॅच्युइटीचा हक्क बुडत नाही. बारा वर्षांची आहे, ती मागा.

जमिनीचं साठेखत पाडव्यानंतर करायचं ठरलंय. ट्रॅक्टरचा धंदा वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण हंगाम आता संपत आला. पुढचं गाळप दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होईल. तोवर ट्रॉली दारात उभी राहणार, आणि जमीन तेवढी गेलेली असणार. म्हणजे घाई कशाचीच नाही, फक्त मनाची आहे. साठेखत दिवाळीपर्यंत पुढं ढकला, इतकंच माग. 'विकू नका' म्हणशील तर तो उद्याच विकेल. 'विकायची तर दिवाळीत विकू, मीही सोबत येते' असं म्हण. जमीन वडिलोपार्जित असेल तर पोरांचाही त्यात हक्क येतो, म्हणून सातबारा घेऊन तालुक्याच्या वकिलाला एकदा दाखवा.

हे सगळं तुझ्या एकटीच्या तोंडून त्याला ऐकवणार नाही. थोरल्या दिरांकडं जा. चूल वेगळी झाली तरी भाऊच आहेत. बांधाचं भांडण त्यांनाही खात असेल. त्यांना सांग, खोपीत जाऊन बसा, काही बोलू नका, नुसतं बसा. प्रतापरावांच्या पाठीशी त्या दिवशी लष्कर नव्हतं, ह्या एका गोष्टीचा मी अनेकदा विचार करते.

रागाचा हा झटका आला की त्याला स्वतःलाही आवरत नसेल आणि नंतर पश्चात्ताप होत असेल, तर डॉक्टरांशी बोलणं चांगलं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आधी तूच फोन करून बघ, म्हणजे त्याला सांगताना तुला धीर येईल.

भाकरीसोबत त्याच्या आवडीचं काहीतरी ने. आणि तो घरी आला की मला दोन ओळी लिही. पाडव्याच्या आधी आलं तुझं पत्र, तर मला फार बरं वाटेल.

तुझी,
मावशी